तारीख माझ्या हातची

संगमनेर
(तारीख शेवटी टाकते. का, ते कळेलच.)

प्रिय तात्या आणि आई,
यशोधराचा सप्रेम जय भीम.

रुपाली, ताईचं एवढं ऐक, हे पत्र तात्यांना सावकाश वाचून दाखव. ते "पुढं वाच, पुढं वाच" करतील, तरी एकही ओळ गाळू नकोस. फोनच केला असता, पण हल्ली तात्या फोन उचलतात तेच "बोला मॅडम" म्हणत, आणि मग माझ्या तोंडून खरं निघत नाही.

मी बरी आहे. खोली हवेशीर आहे. आईची शेंगदाण्याची चटणी माझ्यापेक्षा खोलीत सोबत राहणाऱ्या ज्ञानेश्वरीनेच जास्त खाल्ली. आई, गुडघ्याला तेल लावतेस ना?

शाळा मला फार आवडली होती. मुलाखतीच्या दिवशी पाचवीच्या वर्गावर पाठ घ्यायला लावला. मी फळ्यावर भाकरी काढून अपूर्णांक शिकवले. एक मुलगी म्हणाली, "बाई, चतकोर म्हंजी पाव व्हय?" तेव्हाच ठरवलं, शिकवायचं तर हिलाच.

काल कागदांसाठी बोलावलं होतं. त्याआधी मी आपल्या निवृत्त वैजनाथ सरांना भेटून आले. सर म्हणाले, "घरातली पहिली पदवी तुझी, म्हणून घाई करू नकोस. नियुक्तीपत्र आधी हातात घे. पद, वेतन, परिविक्षा, म्हणजे कायम होण्याआधीची मुदत, किती वर्षांची, सगळं लेखी बघ. मूळ प्रमाणपत्रं दाखवायची, ठेवून यायची नाहीत."

शाळेच्या कार्यालयात तिथले कारकून सूर्यभान भाऊसाहेब यांनी चहा दिला आणि एक कागद पुढे केला. नियुक्तीपत्र नव्हतं ते. माझाच राजीनामा होता, टाइप केलेला. "वैयक्तिक कारणास्तव" वगैरे. तारखेची जागा कोरी.

"भाऊसाहेब, मी अजून रुजूच झाले नाही."

"अवो, रीत हाय ती. समद्या बायांनी दिलाय. तारीख सोडा तुमी, ती संस्था टाकती."

तात्या, हे ऐकलं आणि मला तुमचं गोदामातलं काम आठवलं.

हे मी कधी बोलले नाही. मी चौथीत होते. पाटीवर तुमच्याकडून तुमचं नाव गिरवून घ्यायचे. तुमच्या 'भ'चा सारखा 'म' व्हायचा, आणि आई तुम्हाला "रंमाजी" म्हणून चिडवायची. महिन्याभरात तुमचा अंगठा सुटला. पहिली सही तुम्ही केलीत ती गोदामातल्या एका कागदावर, हौसेने. दोन वर्षांनी तुम्हाला कामावरून काढताना मालक म्हणाले, राजीनामा तुम्हीच दिलाय. घरी येऊन तुम्ही एवढंच म्हणालात, "सही माझीच हाय. भ बी बरोबर निघालाय." सगळे हसले. मला हसू आलं नाही. सही मी शिकवली होती, वाचायला मात्र शिकवलं नव्हतं. इतकी वर्षं हे माझ्या पोटात आहे.

म्हणून काल पेन खाली ठेवलं. राजीनामा ज्याचा त्याने द्यायचा, सही आणि तारीख दोन्ही स्वतः घालायची, एक प्रत स्वतःजवळ ठेवायची, असा कायदा आहे. सरांनी सांगितला होता. मी तो भाऊसाहेबांना सांगितला. ते हळूच म्हणाले, "ताई, खरं हाय तुमचं. पर सोमवारी हितं दुसरी बाई बसंल."

हो, तात्या. ही नोकरी गेली. तुम्ही देवळालीत अख्ख्या गल्लीला पेढे वाटलेत, भागूबाई आत्याने साडी घेऊन ठेवलीय, सगळं मला ठाऊक आहे. कुणी विचारलं तर सही मीच नाकारली म्हणून सांगा, पण मान खाली घालू नका. आणखी दोन शाळांत अर्ज दिलेत. चतकोर विचारणारी ती मुलगी मात्र डोळ्यांपुढून हलत नाही.

पुढच्या रविवारी येते. येताना पाटी आणते. या वेळी नुसत्या नावावर सुटका नाही, तात्या, सगळं वाचायला शिकायचं.

रुपाली, आता पत्र त्यांच्या हातात दे. खालच्या ओळीत त्यांचं नाव आहे, ते त्यांनाच वाचू दे. भ मी मुद्दाम मोठा काढलाय.

तुमची लेक,
यशोधरा रंभाजी साळवे
तारीख, माझ्याच हातची: १४ जून २०२५