गोड लागली की जमली

मंगळवार, ३ मार्च

माझ्या युनुएनबाळा,

आजीचे पोटभर आशीर्वाद. आम्ही सगळे बरे आहोत, लाल कोंबडी तेवढी गेली. अक्षर वाकडंच आहे, पण या खेपेला कागदावर मडक्यांच्या झिलईच्या भुकटीची बोटं उमटलेली नाहीत, बघ. हात दोनदा धुतले.

तुझं पत्र मी मक्याच्या गिरणीवर रांगेत वाचून दाखवलं. देशोदेशीचे मोठे मास्तर चिलीत जमणार, विषांचं ते पदवीनंतरचं शिक्षण कुठे कसं सुधारायचं ते ठरवणार, आणि त्यांच्यापुढे माझी नात उभी राहून बोलणार! शेजारची इग्नासिया म्हणाली, "विष शिकायला एवढं लांब कशाला? माझ्या सुनेकडे पाठवा." सगळ्या हसल्या. मी इतकी फुगले होते की पीठ तिथेच विसरून घरी आले.

पोरांना आधी काय शिकवावं, असं तू मला विचारलंस. दुसरीपर्यंत शिकलेल्या बाईला! चार दिवस माती मळताना तोच विचार.

ती सोनेरी केसांची परदेशी बाई आठवते? तू आठ वर्षांची होतीस. तीही तिच्या देशात हेच शिकत होती. गावाचं रक्त तपासायला सुया, बाटल्या, छापील प्रश्न घेऊन आलेली. कारखाना कुठे आहे, सांडपाणी कुठे जातं? मी म्हटलं, "कारखाना नाही बाई, इथे नुसते आम्हीच आहोत." तिनं ते लिहून घेतलं. मग आपल्या हिरव्या झिलईच्या मडक्यातला घेवडा दोन वाट्या खाल्ला आणि कृती विचारून गेली. बिचारीला पुस्तकात कारखाने शिकवले होते, चुली नाहीत. तर मास्तरांना सांग, ज्या गावाचं विष त्या गावात शिकवा. आठ दिवस स्वयंपाकघरात बसवा, मग हातात सुई द्या.

इथेच थांबणार होते. पण त्याआधीच्या पत्रात तू आणखीही एक विचारलं होतंस. वर्गात तुम्ही एकमेकांचं रक्त तपासलंत, त्यात सगळ्यांत जास्त शिसं तुझ्या रक्तात निघालं. इतक्या वर्षांनीही ते हाडांतून उतरतं म्हणे. आपल्या झिलईच्या पिवळ्या भुकटीत शिसं असतं, म्हणून तू विचारलंस, "लहानपणी मी त्यात हात घालायचे का?" मी तेव्हा उलट कळवलं, छे, तुला तिकडे फिरकूही दिलं नाही.

खोटं लिहिलं गं.

माझ्या आईनं मला शिकवलं तसंच मी तुला. भुकटी कालवली की करंगळी बुडवायची, जिभेला लावायची. गोड लागली की झिलई जमली. तुझी जीभ घरात सगळ्यांत तेज. पाच वर्षांची होतीस तेव्हापासून मडकी भाजायच्या दर आव्याच्या आधी मी तुलाच हाक मारायची, "ये गं, चाख." तू म्हणायचीस, "आजी, अजून थोडी घाल." मला वाटायचं, पोरगी जातीची कुंभारीण आहे.

मग शाळेत तुझे पाढे टिकेनात. मास्तरीण मंद म्हणाली. मीही तुला दगड म्हटलं, चारचौघांत. बाकीची पोरं एकदा वाचायची ते तू चारदा वाचलंस आणि एवढ्या शिक्षणापर्यंत गेलीस. ते माझ्यामुळे होतं का, हे मी विचारत नाही. तुला उत्तर माहीत असेल, म्हणून.

त्या परदेशी बाईनं एवढंच विचारलं असतं ना, झिलई जमली हे कसं ओळखता, तर मी मोठ्या तोऱ्यात तुलाच पुढे केलं असतं.

आता इग्नासियाची नात चाखते. तिची जीभ चांगली असं मीच सांगत आले. काल ती चाखायला गेली आणि पहिल्यांदा मी तिचा हात धरला. इग्नासियानं विचारलं, का? मी भुकटीचं भांडं उचलून आत नेऊन ठेवलं. ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारच्या बाजाराचा आवा मी थांबवून ठेवलाय.

चिलीहून थेट इकडे ये. सुई आण. गिरणीवर सगळ्यांदेखत आधी माझ्या दंडाला टोच, म्हणजे बाकीच्या येतील. आणि त्या सभेत 'गावातली एक बाई' असं म्हणू नकोस. माझं नाव घे.

एवढं लिहून झालं आणि बोट सवयीनं जिभेकडे गेलं. धुतलेलं होतं, तरी गोडच लागलं.

तुला चाखायला लावणारी,
तुझी आजी
एर्लिंदा