पंधरा क्लिक उजवीकडे

५ ऑगस्ट, सोमवार

पोलिसांकडून लायसन्स आलं. बाबांची बंदूक आता कागदोपत्री माझी. मूसचा, म्हणजे घोड्याएवढ्या रानहरणांचा, हंगाम २ सप्टेंबरला सुरू होतो, म्हणजे हातात चार आठवडे आहेत. प्लॅन: दर बुधवारी संध्याकाळी रेंजवर पाच गोळ्या. वाळूच्या पिशवीवर टेकवून, श्वास सोडून, घाई न करता.

शिकारमंडळाचा नियम सगळ्यांना सारखा. ऐंशी मीटरवर नेम बसलेला कागद एवर्तला दाखवायचा, तरच जंगलात जागा. एवर्त मंडळाचा प्रमुख. मला बाबांची जागा मिळायची आहे, नंबर नऊ, दलदलीच्या कडेची.

माझ्या बाबतीत हा निव्वळ उपचार. बंदूक बाबांनी ठेवली तशीच कपाटात आहे. बाबांनी ठेवलेल्या वस्तूत बिघाड नसतो.

७ ऑगस्ट, बुधवार

गेले नाही. वारा होता.

गुनवोर आत्या म्हणाली, "अगं, ऐंशी मीटरवर वारा काय करणार? गोळी आहे ती, पतंग नव्हे." आत्याने जन्मभर मासेच धरलेत, तेव्हा सोडून दिलं. बाबा जानेवारीत गेले तेव्हा ती आठवडाभरासाठी म्हणून राहायला आली. अजून आहे.

सिंकमधून आवाज येतो. पचक, पचक, मग थांबतो, मग पुन्हा पचक. प्लंबरला फोन करायचा.

११ ऑगस्ट, रविवार

बंदुकीची नळी साफ केली. दोनदा. आता अडचण अशी की साफ नळीतून पहिल्या गोळ्या भलतीकडे जातात, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे लगेच तपासणं चुकीचं ठरेल. घाईने काढलेला निष्कर्ष हा निष्कर्ष नसतो. मला शिस्त घरातच लागली. शाळेत जायच्या आधी बाबांनी काडतुसांच्या खोक्यांवरून अक्षरं शिकवली, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. त्यांचं एक वाक्य होतं: मोजल्याशिवाय बोलायचं नाही.

म्हणून मी अजून काही बोलत नाही.

१४ ऑगस्ट, बुधवार

गेले! पाच गोळ्या. दस्त्याला गाल लावला की बाबांच्या तंबाखूचा वास येतो. त्याने लक्ष विचलित होत नाही.

कागद काढून, घडी करून खिशात घातला. बघितला नाही. उजेड कमी होता. (पावणेसात. सूर्य नऊला मावळतो.) घरी ड्रॉवरमध्ये ठेवला, टेबलक्लॉथच्या खाली, चुरगळू नये म्हणून.

प्लंबर येऊन गेला. म्हणाला, सिंक उत्तम आहे, असं सिंक हल्ली बघायला मिळत नाही. आवाज त्याला ऐकू आला नाही. तो होता तेवढा वेळ आवाज झाला नाही, इतकंच.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

टेबलक्लॉथ बदलायला ड्रॉवर उघडला आणि आत्याने कागद उलगडला. मी नव्हे.

पाचही भोकं एका नाण्याखाली झाकली जातील इतकी जवळ. म्हणजे बंदूक उत्तम, माझा हातही उत्तम. फक्त तो सगळा घोळका मध्यापासून बारा सेंटीमीटर डावीकडे आणि बारा सेंटीमीटर वर.

आत्या म्हणाली, "छान! शेजारच्या मूसला बरोबर लागेल."

कागद वाकडा टांगला असणार. डावीकडचं तर शक्यच नाही. गेल्या ऑगस्टमध्ये, एवर्तला कागद दाखवून झाल्यावर, बाबांनी ही जुनी जर्मन दुर्बीण विकत घेऊन बंदुकीवर बसवली, तेव्हाच गोळ्या बारा सेंटीमीटर डावीकडे जात होत्या. उंचीला अगदी बरोबर होत्या. ते आम्ही तेव्हाच दुरुस्त केलं. बाबांची बोटं सुजायची, नेम सरकवणारा तो क्लिक-क्लिक वाजणारा बारीक स्क्रू त्यांना फिरवता येत नसे, म्हणून ते म्हणाले, "सिग्ने, पंधरा क्लिक उजवीकडे." मी वरचं झाकण काढून मोजून पंधरा फिरवले. मग कॉफी झाली होती. मी म्हटलं, एक गोळी मारून बघा. ते म्हणाले, "तू लावलंस ना? मग काय बघायचं?"

तेव्हा डावीकडचा प्रश्न मिटलेला आहे. कागदच.

१८ ऑगस्ट, रविवार

नोंदी अपुऱ्या नकोत म्हणून लिहून ठेवते.

गेल्या वर्षी पहिल्याच दिवशी बाबांनी नंबर नऊवरून गोळी झाडली. दलदलीपलीकडे शंभर मीटरवर नर मूस, आडवा, उजवीकडे तोंड. तो खाली बसला, उठला आणि चालू लागला. मागावरच्या कुत्र्याने ओढ्यापर्यंत वास धरला, पुढे नाही. बाबा अकरा दिवस शोधत होते. गुडघाभर पाण्यात, ओले बूट पचकत, रोज. मूस मिळाला नाही. बाराव्या दिवशी एवर्तने सगळ्यांसमोर विचारलं, "हालवार, झालं काय नक्की?" बाबा म्हणाले, "हात हलला."

त्यानंतर ते कॉफीचा कप दोन्ही हातांनी धरायचे. आत्या म्हणते, थरथर दिसू नये म्हणून. मी रोज त्यांच्यासमोर बसायचे. कपात लाटसुद्धा उठत नसे.

याचा माझ्या कागदाशी संबंध नाही. तारखेच्या ओघात आठवलं.

२१ ऑगस्ट, बुधवार

रेंज. कागद या वेळी गवंडी लावतात ती पाणसळ लावून टांगला. तीन गोळ्या. बारा डावीकडे, बारा वर.

एवर्त मागून येऊन बघत उभा राहिला. म्हणाला, "घोळका झकास आहे गं. नुसता सरकवायचा. ऐंशी मीटरवर बारा सेंटीमीटर, म्हणजे पंधरा क्लिक खाली, पंधरा उजवीकडे. कर."

मी म्हटलं, आधी उजवीकडचं करते, आणि वरचं झाकण काढलं. तिथे H आहे, बाणासकट. मी बोट ठेवलं तर एवर्तने माझं मनगट धरलं.

"अगं, तो उंचीचा! उजव्या-डाव्याचा बाजूला आहे, ते दुसरं झाकण."

मी म्हटलं, इथे H लिहिलंय. H म्हणजे आपलं स्वीडिश होगेर. उजवीकडे.

तो इतका हसला की शेजारच्या बाकावरच्यांनी कानांवरचे आवाज अडवणारे मफ काढले. "जर्मन दुर्बीण आहे, बाई! H म्हणजे होख. वर. आपल्याकडे निम्म्या स्वीडनने हाच गाढवपणा केलाय. म्हणून तर नंतर गोळी मारून बघतात."

दुसरं झाकण मी कधी उघडलंच नव्हतं. चिकटून बसलं होतं, एवर्तने नाण्याने उघडलं. आत R होता, जर्मन उजवीकडचा. पंधरा उजवीकडे, पंधरा खाली. तीन गोळ्या, तिन्ही मध्यात. एवर्तने कागदावर सही केली. नंबर नऊ माझा.

उपयुक्त माहिती मिळाली. पुढच्या वेळी लक्षात ठेवायची.

२२ ऑगस्ट, गुरुवार

दुर्बिणीला धक्का लागूनही असं होतं. जानेवारीत माणसांची ये-जा होती, कपाटाचं दार आपटलं असेल. असा धक्का, की आधीचं डावीकडचं तसंच राहावं आणि उंची नेमकी पंधरा क्लिकांनी वर जावी. अशक्य नाही.

लहानपणी मला डावं-उजवं कळत नसे. बाबांनी माझ्या रबरी बुटांच्या आत रंगाने अक्षरं काढली होती. डाव्यात V, उजव्यात H. H मोठा काढला होता, लाल. मी तो अजून बघते. कुठेही H दिसला की माझा उजवा पाय आधी हलतो.

सिंक पुन्हा. पचक, पचक, थांबतो. मी नळ सोडून ठेवला.

२५ ऑगस्ट, रविवार

आत्याला सांगायचं ठरवलं होतं. जेवताना. पण बटाटे उकडले जास्त, तिचा मूड गेला. मग कॉफीच्या वेळी. तेव्हा तीच म्हणाली, "हालवारचं म्हातारपण एका दिवसात आलं बघ. त्या गोळीच्या दिवशी. आधी बोटं सुजायची फक्त. मग म्हणायला लागला, आता माझ्या हातांवर विश्वास नाही. लाकडंही फोडेना. जिना उतरताना भिंत धरायचा."

मी विचारलं, अजून एक बन घेणार का.

उद्या नक्की. मुद्दे काढून ठेवते, म्हणजे बोलताना विस्कळीत होणार नाही.

२८ ऑगस्ट, बुधवार

मुद्दे तयार. सहा आहेत. पहिला मुद्दा प्रास्ताविक.

हंगामाच्या आधी असल्या गोष्टी काढल्या तर सगळ्यांची एकाग्रता जाते. जंगलात बारा माणसांच्या हातात भरलेल्या बंदुका असतात. सुरक्षिततेचा प्रश्न आहे. हंगाम सुरू झाला की पहिल्याच दिवशी शेकोटीपाशी, सगळ्यांसमोर सांगेन. एकेकट्याला सांगण्यापेक्षा ते जास्त प्रामाणिक.

२ सप्टेंबर, सोमवार. संध्याकाळी

पहाटेपासून नंबर नऊवर. धुकं. तिथेही तो आवाज आला, पचक, पचक, थांबणं. तिथे सिंक नाही. मी मान वळवली नाही. नियमाप्रमाणे समोरच बघायचं असतं.

सव्वाआठला समोरून नर आला. ऐंशी मीटर, आडवा. मी गोळी झाडली आणि तो उभा होता तिथेच पडला. एक पाऊलही चालला नाही. मी वीस मिनिटं तो उठायची वाट बघत होते. वायरलेसवर एवर्त ओरडत होता, "नऊ नंबर, अगं बोल! नऊ नंबर!" शेवटी तो स्वतः आला, मूसच्या डोळ्याला काठी लावून बघितली आणि म्हणाला, "सिग्ने, हा मेलाय. तू का मेल्यासारखी दिसतेस?"

शेकोटीपाशी सगळे जमले. सॉसेज, उकळलेली कॉफी. आत्याही बन घेऊन आली होती. सगळ्यांनी पाठ थोपटली. एवर्त म्हणाला, "हालवारचा हात आलाय पोरीत. म्हणजे शेवटच्या वर्षीचा सोडून." सगळे हळू हसले, प्रेमाने. आत्याने डोळे पुसले.

हीच वेळ होती. मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, बंदूक नीट लावलेली असली की हात कोणाचाही चालतो.

टाळ्या पडल्या. एवर्त म्हणाला, "ऐका! असं पाहिजे!" आणि तिथल्या तिथे ठरलं की पुढच्या वर्षीपासून मंडळाच्या सगळ्या दुर्बिणी मी लावायच्या, म्हाताऱ्यांची बोटं चालत नाहीत. हात वर करून मतदान झालं. एकमताने. आत्याने दोन्ही हात वर केले.

मी आभार मानले. इतरांचा विरस करणं बरं दिसलं नसतं.

पण शब्द पाळायचा तो पाळलाच. बाकीचे मूस ओढायला गेल्यावर शेकोटीपाशी तूरे उरला, वय एक्याऐंशी, मंडळातला सर्वांत जुना माणूस. बाबांचा जिवलग. मी त्याच्या शेजारी बसून सगळं सांगितलं. पंधरा क्लिक, वरचं झाकण, H, अकरा दिवस, दोन हातांतला कप. सहाही मुद्दे, प्रास्ताविकासकट. आवाज चढवला नाही, रडले नाही. तूरे शेवटपर्यंत ऐकत होता. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "हो ना. कॉफी फारच कडू झालीय."

तरी सांगून झालं. मोकळं वाटतंय. आता यावर पुन्हा लिहिणार नाही.

तूरेला कानातल्या यंत्राशिवाय काही ऐकू येत नाही. ते त्याच्या टोपीत काढून ठेवलेलं होतं. मी बसले, तेव्हा टोपी मीच बाजूला सरकवली.