चतुराचा सीआरपी

१२ सप्टेंबर
एकशे चौऱ्याहत्तर! चतुराच्या गुडघ्याचा सांधा बदलला, तेव्हापासून रोज रक्त काढतात. सीआरपी म्हणजे अंगातल्या सुजेचा आकडा. ऑपरेशननंतर चढणारच, म्हणाले डॉक्टर. पण उतरून पुन्हा चढला, तर आत जंतू समजा.
तिचा भाऊ म्हाळू मेंढरं सोडून बीडला आला. ‘दाजी, माज्या बहिनीच्या पायात लोखंड घातलं?’ त्याला विज्ञान काय ते ऐकवलं. अख्खा वॉर्ड ऐकत होता.

२३ सप्टेंबर
बावीस. उतरला! चतुरा घरी आली. दुखतं म्हणते. तिला रिपोर्ट वाचून दाखवला.
संध्याकाळी तेलगावच्या अंधश्रद्धाविरोधी सभेत हाच आकडा फेकला — अंगाऱ्यानं नव्हे, औषधानं उतरला! टाळ्या थांबेनात.

२९ सप्टेंबर
केजला मुक्काम. भाषणांनी घसा बसलाय.

४ ऑक्टोबर
एकशे अठरा. चतुराला ताप. टाक्यांतून पाणी येतंय.
डॉक्टरांवर तुटून पडलो. तुमच्या थिएटरात घाण आहे, मोर्चा आणतो! त्यांनी पट्टी सोडली आणि मला जवळ बोलावलं. टाक्यांच्या दोन्ही बाजूंना काळे चट्टे, फुटलेले फोड. बिब्बा! लंगड्या मेंढराच्या पायाला तापवून लावतात, तो. कातडी जळली आणि तिथून जंतू शिरले.
मी गावोगाव बोलत हिंडत होतो, तेव्हा म्हाळू घरी येऊन गेला होता.

५ ऑक्टोबर
गुडघा पुन्हा उघडून धुतला. आकडा उतरला नाही, तर बसवलेला सांधा काढावा लागेल.
म्हाळू दाराशी बसून होता. सगळ्यांसमोर त्याला जनावर म्हणालो. तो उठून गेला.
चतुरानं आतून ऐकलं. हळू आवाजात म्हणाली, ‘त्याला कशापायी बोलता? मीच बोलावलं. लई दुखतंय म्हनलं की तुमी कागद वाचायचे. त्यानं गुडघ्याला हात तरी लावला.’
हातातला रिपोर्ट घडी करून खिशात घातला.

१९ ऑक्टोबर
एकसष्ट. शिरेतून इंजेक्शनं चालू आहेत. चतुरा माझ्याशी बोलत नाही. म्हाळू डबा आणतो, मी दिसलो की नर्सजवळ ठेवून जातो.

२४ नोव्हेंबर
चार! गुडघा वाचला. चतुरा कुणाचा हात न धरता दवाखान्याच्या पायऱ्या उतरली आणि म्हाळूनं आणलेल्या जीपमध्ये बसली. म्हणाली, ‘माजी लुगडी माहेरी पाठवून द्या.’