लंगडा पाय भिंतीकडं

प्रिय शालन,

तुला पत्र लिहायची ही काय वेळ झाली? होतीस तेव्हा स्टाफरूमच्या टेबलाच्या या बाजूला मी आणि त्या बाजूला तू, चिठ्ठीसुद्धा लिहायची गरज पडली नाही. पण काल मी बावड्याला जाऊन आले. तुझ्या सासूबाईंना तो तुझा प्रश्न विचारला. ऑपरेशनच्या वेळी आपण त्यांना फसवलं का, हा. इतकी वर्षं तो मनात घेऊन फिरलीस आणि जाताना माझ्या गळ्यात बांधून गेलीस. उत्तर मिळालंय, बाई. ते तुला कळवल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

सांगते, पण माझ्या पद्धतीनं, सावकाश. घाई तुला असायची.

आठवतो का आपला विभाग? बारामतीच्या त्या कॉलेजात मानसशास्त्र म्हणजे तू, मी आणि एक कपाट. त्या कपाटातल्या पुस्तकांत आपले ते दोघे राहायचे. इस्रायलचे दोन मानसशास्त्रज्ञ मित्र, पुढं अमेरिकेत गेलेले. माणूस निर्णय कसा घेतो आणि घेताना कुठं घसरतो, हे शोधायला दोघं तासन्‌तास बोलत बसायचे, हसायचे. लेखावर आधी नाव कुणाचं, तेही म्हणे नाणं उडवून ठरवलं. हे वाचून तू म्हणालीस, "वसुधा, गप्पा मारायचा पगार मिळतो बघ तिकडं. आपल्याला तर प्राचार्य ओरडतात." तेव्हापासून आपणही त्यांच्यासारख्याच जोडीनं शिकवायला लागलो. मी पुस्तकातलं सांगायची, तू गावातलं.

आणि तो नांगर! पहिला आकडा कानावर पडला की मन त्यालाच अडकून राहतं, या त्यांच्या म्हणण्याला इंग्रजीत जहाजाच्या नांगराचं नाव आहे. मी पोरांच्या नोट्समध्ये सरळ 'नांगर' लिहिलं. बारामती-इंदापूरकडं जहाज कुणी पाहिलंय? झाडून सगळ्या पोरांनी परीक्षेत बैलांचा नांगर लिहिला. नांगराची पहिली रेघ, पहिलं तास, वाकडं पडलं की पुढची सगळी तासं वाकडीच पडतात, असं. मी लाल पेन उघडलं तर तू माझा हात धरलास आणि म्हणालीस, अगं, बरोबर लिहिलंय की! किती हसलो आपण त्या दिवशी. शिपाई बघायला आला, बायकांना काय झालं म्हणून.

मग तुझं ते दुखणं निघालं. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करावं लागेल, दहातल्या दोघी दगावतात. तुझ्या मिस्टरांनी निर्णय आईवर सोपवला. घरात शेवटचा शब्द तुझ्या सासूबाईंचा, म्हणजे आत्यांचा, आणि त्या तर ऐकायलाच तयार नव्हत्या. शेजारची सून पुण्याला गेली ती परत आलीच नाही, एवढं एकच त्यांच्या डोळ्यांपुढं होतं. बऱ्या होऊन आलेल्या कोण लक्षात ठेवतं? डोळ्यांपुढं जे चटकन येतं तेच नेहमी घडतं असं मन धरून चालतं, हे आपल्या त्या दोघांनीच तर सांगितलं होतं. वर्गात किती सहज शिकवायचो आपण ते. आत्यांच्या ओसरीवर बसलं की काही सुचायचं नाही.

तू मात्र बसलीस त्यांच्यापुढं. मी शेजारी होते. दोघी दगावतात, हे तू तोंडातूनच काढलं नाहीस. हसत म्हणालीस, "आत्या, दहातल्या आठ घरी येत्यात. सोताच्या पायानं चालत." आत्या तुझ्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "जा बाई."

तू घरी आलीस, सोताच्या पायानं. लेकीची बारावी पाहिलीस, मोरगावच्या गणपतीला एस्टीनं जाऊन आलीस, माझ्याशी भांडलीस, कपाटाला नवीन कुलूप आणलंस. चांगली वर्षं होती गं ती. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

पण मधूनच तू डबा खाता खाता थांबायचीस. वसुधा, आपण आत्यांना फसवलं का गं? खोटं तर बोललो नाही, पण अर्धंच सांगितलं. काही झालं असतं तर त्या जन्मभर स्वतःला दोष देत बसल्या असत्या. मी म्हणायची, बोलली तू, मला कशाला आपण-आपण करतेस? तू हसायची नाहीस. मग विचार ना त्यांनाच, असंही म्हटलं. तर तू मान हलवायचीस. भीती वाटायची तुला.

त्या दोघांतला धाकटा गेल्याचं आपण एका मासिकात वाचलं, तेव्हा तू कितीतरी वेळ ते पान धरून बसलीस. राहिलेल्यानं आता बोलायचं कुणाशी, म्हणालीस. मी चहा मागवला. दुसरं काय करणार? पुढं दुखणं उलटलं आणि तू गेलीस. आता मला विचार, राहिलेल्यानं बोलायचं कुणाशी ते.

तर काल. आत्या ओसरीवर शेंगा फोडत होत्या. थकल्यात, पण नजर तशीच. मी सगळं सांगून टाकलं. डॉक्टर काय म्हणाले होते, तू त्याची बाजू कशी फिरवलीस, आणि हा प्रश्न तुला शेवटपर्यंत कसा डाचत होता.

आत्यांनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. "बाई, म्या जलमभर शेळ्यामेंढ्या इकल्या. लंगडी शेळी बाजारात हुबी करायची तर तिचा लंगडा पाय भिंतीकडं करत्यात. आठ घरी येत्यात म्हणली, तवाच मागं हुब्या ऱ्हायलेल्या दोगी दिसल्या मला."

मी विचारलं, मग जा का म्हणालात?

"तिला जगायचं हुतं. पोटात भ्या आसून पोर हासत माझ्याकडं इकाय आली. तिच्यासंगं म्या घासाघीस करू व्हय?"

शालन, मी तिथं त्यांच्या ओसरीवर रडले. त्यांनी मला शेंगा खायला घातल्या आणि येताना पिशवीत भरूनही दिल्या. नाही फसल्या गं त्या. एवढी वर्षं तू उगाच जिवाला लावून घेतलंस. तेव्हाच विचारलं असतंस तर? एवढाच माझा तुझ्यावर राग आहे, बाकी काही नाही.

शब्द देते, पुढच्या वर्षी बाजू फिरवून सांगण्याचा तो धडा मी एकटी शिकवीन, गावातलंही मीच सांगीन. फळ्यावर आठ लिहीन आणि शेजारी दोनही लिहीन. मग पोरांना सांगीन, समोरच्याला ते दोन दिसत असतात. दिसूनही तो जा म्हणतो, तेव्हा त्याला फसला म्हणायचं नाही.

नांगर तसाच ठेवलाय नोट्समध्ये. बैलांचा.

कपाटाच्या दोन्ही किल्ल्या सांभाळणारी,
तुझी वसुधा