झाकलेली गाडी

२० डिसेंबर

एकही खपलं नाही! सकाळी मोटरसायकलच्या कव्हरांचा गठ्ठा डोक्यावर घेऊन स्टँडवर गेले आणि तसाच परत घेऊन आले. हरमाटनच्या धुळकट वाऱ्याने सगळं गाव पिठात घोळून काढलंय. सीटवर बोट फिरवलं तर रेघ उमटते, आठवडाभरात फिल्टर चोंदतो. आणि हे झेमवाले, मोटरसायकलवरून भाडी नेणारे, दात काढतात. "वहिनी, जित्या माणसाच्या गाडीवर मढ्याचं कापड घालायला सांगता होय?"

रीत मला माहीत नाही असं नाही. रायडर मेला की स्टँडवरची माणसं त्याची गाडी झाकतात आणि अनवाणी ढकलत त्याच्या घरी पोचवतात. तिच्यावर कुणी बसत नाही. म्हणून जिवंतपणी गाडी झाकायची नाही. उभी असताना नाही, आणि प्रवासात तर मुळीच नाही. सीट उन्हाने फाटो, टाकीला गंज चढो. अरे, पण गाडी काय रडायला घेतली होती?

तासी अंगणात शेंगा सोलत होती. तासी म्हणजे माझ्या नवऱ्याची, विन्योंची आत्या. घरातलं बारसं असो की मयत, सगळं तिच्या हातचं. म्हणाली, "हुएफा, पोटापाण्याला दुसरं काही शिव. पडदे शिव."

"पडदे कोण घेणार? निम्म्या घरांना खिडक्या नाहीत."

"मग खिडक्या होईपर्यंत थांब," म्हणाली. 

२३ डिसेंबर

विन्योंचा कोटोनूहून फोन. तिथे झेम चालवतो तो. दहा जानेवारीच्या सणाला येतोय. नवी लाल गाडी बोनी नावाच्या ट्रकवाल्याकडे देऊन पुढे पाठवणार आणि स्वतः मागून टॅक्सीने येणार.

मी म्हटलं, "मी दिलेलं कव्हर घालून पाठव."

"वेड लागलंय? वाऱ्याने फडफडून रंग जाईल."

"पोटाखालचा पट्टा आवळ. नाही फडफडत."

"आणि आई काय म्हणेल?"

"आईंना मी सांगून ठेवते."

मग नेहमीसारखा ओरडला. माझ्या डोक्यात भुसा आहे, माझ्या आईच्याही होता, वगैरे. मी फोन कानापासून लांब धरून बसले. शेवटी म्हणाला, "घालतो बाई, घालतो! तुझी टकळी थांबव."

जिंकले! स्टँडवर सगळ्यांसमोर कव्हर काढीन, आतून कोरी करकरीत लाल गाडी निघेल. मग बघते कोण हसतं ते.

अब्लाला सांगितलं, बाबा येणार. चार वर्षांची पोर, कापड बेतायच्या टेबलाखाली जाऊन बसली. माझ्या कोपरावर इस्त्रीचा डाग आहे. इस्त्री त्याने फेकली तेव्हाही ही तिथेच बसली होती. तरी मी त्याच्यासाठी भाजलेले मासे आणून ठेवलेत. आहे मी तशी. तो नसला की घर मोठं वाटतं मला.

२६ डिसेंबर

सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं की भांडण. उद्या बाजारातून आले की सांगेन.

२७ डिसेंबर

गाडी आज आली. मी बाजारात होते.

बोनीने ती स्टँडवर उतरवली, विन्योंची आहे एवढंच सांगितलं आणि तो पुढे निघून गेला. तो इथला नाही, त्याला काय कळणार. स्टँडवरच्यांनी पाहिलं, विन्योंची गाडी, नखशिखांत झाकलेली. कुणी एक शब्द विचारला नाही. चपला काढल्या आणि ढकलत घरी घेऊन आले.

मी कोपऱ्यावर पोचले तेव्हा सासूबाईंचा आवाज ऐकू आला. अंगणात लोळत होत्या, केसांत धूळ, पाण्याचा माठ फुटलेला. आजूबाजूच्या बाया टाहो फोडत होत्या. आणि मधोमध ती गाडी, माझ्या हातचं कव्हर घातलेली. माझी शिवण, माझा पट्टा. मला सगळं माहीत होतं! मीच घालायला लावलं होतं. तरी मीसुद्धा रडले. नाव घेऊन रडले.

नंतर भानावर आले, खरं काय ते सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "मग फोन लाव."

फोन बंद.

२८ डिसेंबर

आला! विन्यों आला!

टॅक्सी वाटेत बिघडली, फोनची बॅटरी संपली, अर्धा रस्ता चालत आला. दुपारी दोन हातांपलीकडचं दिसत नव्हतं इतका धुरळा होता, आणि त्यातून हा फाटकाशी उभा राहिला. पापण्यांपासून पायांपर्यंत पांढरा. मी धावले तर तासीने दंड धरला. केवढी ताकद त्या म्हातारीत!

"ज्याच्यासाठी माठ फुटला तो दारातून आत येत नाही."

"तासी, तो जिवंत आहे."

"असेल. पण आईने रडून त्याला पोचवलाय. रडणं परत घेता येत नाही."

सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या. त्याच्याकडे बघायला तयार नाहीत. मला वाटलं, आता हा ओरडेल, फाटक मोडेल. तो मागे फिरला. बाहेर आंब्याखाली बसून राहिला.

२९ डिसेंबर

मागच्या भिंतीला भोक पाडलं. तो सरपटत आत आला, तासीने त्याला तान्ह्या पोरासारखी अंघोळ घातली आणि नवं नाव ठेवलं. सेजरो. विन्यों म्हणून आता हाक मारायची नाही. चुकूनही नाही.

गाडी अंगणात तशीच झाकून ठेवायची. तासी म्हणाली, "रडून जेवढा गेला तेवढा त्या कापडाखाली बसलाय. हरमाटन उतरला की बायकोने कापड काढायचं. मग दोन्ही एक होतात, जसा होता तसा पुरता मिळतो तुला."

"आणि नाही काढलं तर?"

"मग हा एवढाच राहतो, आणि तो तिथेच." कशाला नाही काढणार? माझाच नवरा आहे.

२ जानेवारी

सकाळी त्याने मला विचारलं, "तू जेवलीस का?"

आमच्या लग्नाला सात वर्षं झाली. मी शिवण तशीच टाकून त्याच्याकडे बघत राहिले. त्याला वाटलं ऐकू आलं नाही. पुन्हा विचारलं.

४ जानेवारी

मक्याच्या पिठाच्या आकासात मीठ जास्त पडलं. जीव मुठीत धरून समोर ठेवलं. खाल्लं, वर म्हणाला, "पाणी जास्त पिऊ." अब्ला हसली. तो पण हसला.

शेजारीण म्हणते, स्वतःच्या नावाने रडलेलं ऐकलं की माणूस मऊ होतोच. त्याने ऐकलं कुठे? तो तेव्हा रस्त्यात होता. पण तसं असेलही.

मला मात्र झोपताना परका माणूस शेजारी असल्यासारखं वाटतं. अंग चोरून निजते. माझा माणूस मला परत पाहिजे. होता तसा, पुरता.

५ जानेवारी

भर दुपार. वारा अजिबात नाही, धुरळा नुसता लोंबकळत होता. मी अंगणात दोरीवर कपडे घालत होते. मागे कुणीतरी खोकलं.

सिगरेटवाला तो खोकला. आधी दोन लहान, मग एक ओढून काढलेला. सात वर्षं ऐकलाय.

वळले. अंगणात कुणी नाही. हा आत अब्लाची वेणी घालत होता, तिचं गाणं ऐकू येत होतं. आणि आल्यापासून त्याने सिगरेटला हात लावलेला नाही.

६ जानेवारी

कव्हर सीटच्या वर फुगलंय, पाठ टेकून बसल्यासारखं. सकाळी नव्हतं.

८ जानेवारी

तासीला सांगितलं. तिला नवल वाटलं नाही. म्हणाली, "मग, कुठे जाईल तो? हात लावू नकोस. हसूनखेळून राहा."

हसूनखेळून म्हणे!

सासूबाई गाडीपाशी स्टूल टाकून बसतात आता. पोराशी बोलत नाहीत, गाडीशी बोलतात. आज त्यांच्यासाठी पेज घेऊन गेले तर म्हणाल्या, "आत बसलाय तो कोण आहे गं? आळणी. माझा मुलगा ओरडायचा. लहानपणी दूध उशिरा दिलं तर वाटी भिरकावायचा. हा नुसता हसतो." मग कव्हरावर हात फिरवत म्हणाल्या, "लवकर काढ हो हे. तुझ्या हातात आहे."

मला त्यांचा राग आला, दयाही आली. त्यांचा मुलगा आहे तो.

१० जानेवारी

सण. बाहेर दिवसभर ढोल. आम्ही घरातच थांबलो. ज्याच्यासाठी रडून झालं तो माणूस सणात मिसळत नाही, असं तासी म्हणाली. स्टँडवरचे दोघे येऊन गेले. फाटकाबाहेरूनच बोलले. ह्याला हाक मारताना अडखळत होते. जाताना दोघांनीही गाडीला वाकून नमस्कार केला, ह्याला नाही.

संध्याकाळी ह्याने माझ्या मशीनला तेल घातलं. न सांगता! मशीनचा पट्टा ढिला झाला होता तोही आवळला. मी म्हटलं, "ही मशीन विहिरीत टाकतो म्हणाला होतास मागे."

"मी म्हणालो होतो?" खरंच आठवत नव्हतं त्याला. चेहरा एवढासा झाला. "कुणाला असं म्हणू नये," म्हणाला.

मला रडू आलं. कशाचं ते कळेना.

१३ जानेवारी

लिहू की नको असं झालंय. लिहिते.

दुपारी मी आणि अब्ला अंगणात. ती चिंध्यांची बाहुली करत होती. हा नळावर पाणी भरायला गेला होता. नळ गल्लीच्या टोकाला आहे, तिथून आवाज येत नाही.

"हुएफा, कुठे मेलीस?"

कव्हराखालून. मोठ्याने नाही. घरात शिरताना म्हणायचा तशा सुरात.

 वाटलं, भास. दिवसभर तेच मनात, होणारच भास. मग अब्लाकडे पाहिलं. बाहुली तिथेच पडली होती. पोर बेतायच्या टेबलाखाली, दोन्ही कानांवर हात.

नळावरून आला, घडे ठेवले, खाली वाकून म्हणाला, "कोण आहे रे तिथे? उंदीर आहे का?" ती निघाली आणि त्याच्या गळ्यात पडली. विन्योंच्या गळ्यात ती कधी पडली नव्हती.

१४ जानेवारी

आज त्याने पहिल्यांदा तो विषय काढला. आम्ही दोघं चवळी निवडत होतो.

"तू ते काढणार आहेस?"

"काढायला हवं ना. तू पुरता होशील."

"मग मी कसा असेन?"

काय सांगू? ओरडशील, म्हणू? इस्त्री फेकशील? म्हटलं, "होतास तसा."

तो खडे बाजूला काढत राहिला. "काढ मग. तुझा नवरा आहे."  चवळी त्याने शेवटपर्यंत निवडली.

१६ जानेवारी

रोज हाका येतात आता. "हुएफा, पाणी." "हुएफा, कान फुटले काय?" मी जवळ जात नाही, उत्तर देत नाही. सासूबाई देतात. "आणते हो बाळा," म्हणतात आणि खरंच पाण्याचा पेला नेऊन चाकापाशी ठेवतात.

मी तरी काय, पहिल्या हाकेला पाय आपोआप उठतात माझे. इतकी सवय. आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटतं तो आवाज ऐकून. त्याचीच लाज वाटते जास्त.

१७ जानेवारी

सकाळी उठले तर आकाश निळं! टेकडी दिसतेय, पाण्याची टाकी दिसतेय. हरमाटन उतरला.

तासी आली, हवा हुंगली आणि म्हणाली, "उद्या. आम्ही सगळे सकाळी ओढ्यावर जाऊ. तू एकटी थांब. पट्टा सोड, कापड एका झटक्यात ओढ आणि त्याच्या जुन्या नावाने हाक मार. झालं."

सासूबाई आज जेवल्या, पोटभर. माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

हा अब्लाला खांद्यावर घेऊन टेकडी दाखवत होता. ती विचारत होती, टेकडी कुणाची? हा म्हणाला, "ज्याला दिसते त्याची."

१८ जानेवारी

सगळे ओढ्यावर गेले. पट्टा नाही सोडला. मोठी सुई घेतली, दोरा दुहेरी केला, चाकांखालून ताडपत्री सरकवली आणि कव्हराची कड तिला चारी बाजूंनी शिवून टाकली. कापडाखालून त्याने विचारलं, "काय चाललंय गं?" म्हटलं, "थोडं उसवलंय, टाके घालते."