हवी तेवढी रजा

प्रिय बाबा,

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तुझ्या त्या स्टार्टअपमध्ये रजा किती गं?" मी ऐटीत म्हटलं, "हवी तेवढी! कुणी मोजतच नाही." तुम्ही हळूच म्हणालात, "मग ये की."

कसं सांगू? मोजत नाहीत, म्हणूनच कुणी घेत नाही. साहेब म्हणतात, आपण एक कुटुंब आहोत. मग रजा मागून डोळ्यावर कोण येणार? दोन वर्षांत मीही मागितली नाही.

तुम्हाला कारखान्यात मोजून बारा मिळायच्या. त्या माझ्या तापात आणि परीक्षांत संपायच्या. पेपर सुटेपर्यंत तुम्ही शाळेच्या फाटकाशी उभे असायचात. ऑफिस सुटलं की अजून माझी नजर आधी फाटकाकडे जाते.

हे पत्र पाठवणार नाही. वाचून तुम्ही म्हणाल, "काम आधी, पोरी." आणि न यायला मला तेवढंच निमित्त पुरेल.

तुमची,
धाकटी