दलप्रमुखांचा मोतीबिंदू

११ फेब्रुवारी

सरकारने आमच्या ह्यांना अतिरेक्यांशी लढायची परवानगी दिली. ह्यांना! परवा दुधाची समजून ताकाची पिशवी कापली आणि चहात ओतली, ते हे.

योजना नवी आहे. नाव 'नागरिक रक्षक'. गावोगावी साध्या माणसांचं दल उभं करायचं, ओळखपत्र द्यायचं, संशयित दिसला की अडवायचा, वेळ पडली तर बळ वापरायचं. आणि ते 'सद्हेतूने' वापरलेलं असेल तर पुढे कोर्टकचेरी नाही. हा शेवटचा भाग ह्यांनी मला दोनदा वाचून दाखवला. पहिल्यांदा मी मेथी निवडत होते, म्हणून ऐकला नसेन असं त्यांना वाटलं.

कर्जतच्या दलाचे प्रमुखही हेच. का? तर सगळ्या अर्जदारांत परवान्याची बंदूक फक्त ह्यांच्याकडे. सासऱ्यांची बारा बोअरची, पोशीरच्या शेतात डुकरं शिरायची तेव्हाची. शेती विकली, सासरे गेले, बंदूक कपाटावर चादरींच्या मागे पडून होती. आता ती जेवणाच्या टेबलावर आली आहे. पेपर पसरून तिला तेल पाजणं चाललंय. पोळीला तेल कमी लाव म्हणून माझ्या मागे लागणारा माणूस हा!

१३ फेब्रुवारी

डोळ्यांच्या डॉक्टरांची तारीख होती. गेले नाहीत. 'ड्युटी आहे.' उजवा मोतीबिंदू पिकलाय. बंदुकीचा नेम धरायचा तोही उजव्याच डोळ्याने.

१६ फेब्रुवारी

शिळफाट्याच्या हॉलमध्ये प्रशिक्षण झालं. सकाळी कवायत, मग भाषण, मग पुरीभाजी, मग प्रमाणपत्र. येताना दंडावर पट्टी, गळ्यात शिट्टी, खिशात ओळखपत्र. अतिरेक्याशी लढायला पुरीभाजी धरून एक दिवस पुरतो. आमच्या मेडिकलच्या दुकानात क्रोसिन विकायला फार्मासिस्टला वर्षानुवर्षं शिकावं लागतं.

संशयिताची लक्षणं पाठ करत होते. चेहरा झाकलेला. हातात मोठी पिशवी. विनाकारण एका जागी थांबलेला. प्रश्न विचारल्यावर गडबडणारा. मी म्हटलं, "अहो, उन्हाळ्यात स्कूटीवरून बाजारात येणारी प्रत्येक पोरगी तोंडाला ओढणी बांधून असते. आणि स्टेशनाबाहेर विनाकारण थांबलेले तर तुमचे सगळे मित्र."

"तुला गांभीर्य नाही," म्हणाले. शिट्टी गळ्यात घालूनच जेवले. आमटीत बुडाली.

१८ फेब्रुवारी

अनुपमशी वाद. माझाच मुलगा, पण बापाच्या बाजूने. दुकान तो बघायला लागल्यापासून बापाला घरी बसवत नाही हे तो रोज बघतो, म्हणून असेल.

"आई, उद्या खरंच कोणी रायफल घेऊन स्टेशनात शिरला तर पोलीस येईपर्यंत किती माणसं मरतील? तिथे आधीपासून असणार कोण? आपणच ना?"

मान्य. हे मला खोडता आलं नाही आणि उगाच खोडणार नाही. आपणच असणार. पण खरा अतिरेकी इकडे वर्षानुवर्षं येणार नाही, आणि बंदूकवाले रोज असणार. मग रोजच्या रोज ते कोणाला धरणार? दल स्थापन झालंय तर ते काहीतरी पकडणारच.

असं म्हटल्यावर अनुपम म्हणाला, "तू ना, सगळ्याची टर उडवतेस." उडवते. दुसरं काय आहे माझ्या हातात?

२२ फेब्रुवारी

दलाची आजवरची कामगिरी: वीजमीटरचं रीडिंग घेणारा एक. दुर्बीण लावून पक्षी बघणारा एक, तो निघाला ठाण्याचा प्राध्यापक. देवळाबाहेर विसरलेली पिशवी एक. पिशवीला सगळ्यांनी लांबून गराडा घातला. मग एक म्हातारी आली, गराड्यातून आत गेली, पिशवी उचलली आणि सगळ्यांना शिव्या घालत निघून गेली. आत वांगी होती.

उपप्रमुख किशोर नावाचा एक तरणा माणूस आहे. शेलूच्या नव्या टॉवरमध्ये राहायला आलाय. ह्यांना 'सर' म्हणतो. एवढ्यावर हे खलास! चाळीस वर्षं गल्ल्यावर बसून ह्यांना कोणी सर म्हटलं नव्हतं. शेट म्हणायचे.

किशोर मला म्हणाला, "काकू, सध्या थ्रेट लेव्हल हाय आहे." मी म्हटलं, चहा घे.

२५ फेब्रुवारी

चिंधी आली होती. डोंगराखालच्या वाडीवरची. अनुपम शाळेत होता तेव्हापासून ती आमच्याकडे येते. पावसाळ्यात रानभाज्या, उन्हाळ्यात करवंदं, मधेअधे धान्य पाखडून देते. आज वेगळ्याच कामाला आलेली.

"वैनी, येखादी जुनी साडी हाय का गं? औंदा चांग्या बायकूचा सोंग घेनार हाय."

चांगो म्हणजे तिचा नवरा. शिमगा जवळ आला की वाडीवरचे लोक सोंगं घेतात. तोंडाला काजळी फासायची, कोणी बाई व्हायचं, कोणी अस्वल, आणि रस्त्याला दोरी आडवी धरून येणाऱ्या गाड्यांकडून पोस्त मागायचं. दहा-वीस रुपये दिले, चार गिरक्या बघितल्या की दोरी खाली. माझ्या लग्नाच्या आधीपासून चाललंय.

मी माझी हिरवी इरकल काढून दिली. पदर विरला होता, पण रंग अजून दुकानात असल्यासारखा. हे समोरच बंदूक पुसत बसले होते. चिंधीला म्हणाले, "चांग्याला सांग, पदर नीट घे म्हणावं. आमच्या बाईसाहेबांची अब्रू आहे ती." चिंधी तोंडाला पदर लावून हसली. मीही हसले. बऱ्याच दिवसांनी घरात आम्ही एकाच गोष्टीला हसलो.

२ मार्च

काल लिहिता आलं नाही.

पोशीरला बारसं होतं. किशोर म्हणाला मी गाडीने नेतो. हे पुढे, मी मागे, माझ्या पायाशी बंदूक. प्रमुखाने शस्त्र जवळ ठेवायचं असतं म्हणे. बारशाला!

येताना ऊन उतरलेलं होतं. किशोरचा फोन वाजला. दलाच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलेलं: पोशीर रस्त्यावर तोंड झाकलेले लोक गाड्या अडवताहेत. किशोरने गाडी दामटली. मी म्हटलं, "अरे, शिमगा आहे. पोस्त मागत असतील." त्याला पोस्त म्हणजे काय तेच माहीत नाही. शेलूत टॉवरच्या आठव्या मजल्यावर कोण येणार पोस्त मागायला?

वळणावर दोरी होती. चार-पाच जण, काळी तोंडं, एक डबा बडवत होता. मधे माझी हिरवी साडी गिरकी घेत होती, हातात लाटणं.

"सर, वेपन!" किशोर ओरडला.

हे बंदूक घेऊन उतरले. मी मागोमाग उतरले आणि म्हटलं, "अहो, चांगो आहे तो. माझी साडी आहे ती." हळू नाही म्हटलं, मोठ्याने म्हटलं.

ते माझ्याकडे वळले. तोंडावर अगदी नेहमीचा वैताग. म्हणाले, "कळतंय मला. हवेतच मारतोय."

कळत होतं. किशोरसमोर नुसतं परत गाडीत बसायचं नव्हतं, एवढंच.

हवेत मारली. ह्यांची हवा माणसाच्या गुडघ्याएवढी निघाली. चांगो खाली बसला. बसल्यावर लाटणं बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "शेट, मी हाय ना. मी चांग्या." त्याला वाटत होतं ओळख पटली की सगळं नीट होईल.

हिरव्या साडीवर रक्त काळं दिसतं. किशोर फोटो काढत होता. त्याच्या गाडीतच चांगोला दवाखान्यात नेलं, मी म्हटलं म्हणून. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. माझ्या बारशाच्या साडीला अजून काजळी आहे. धुवायला टाकलेली नाही.

३ मार्च

चांगोला पुढे पनवेलला हलवलं. छर्रे गुडघ्यात आहेत. पाय राहील, पण झाडावर चढणं संपलं असं डॉक्टर म्हणाले. झाडावर चढल्याशिवाय त्याचा मध कोण काढणार, फांद्या कोण तोडणार, असं मी विचारणार होते. पण डॉक्टरला विचारून काय उपयोग?

हे काल जेवले नाहीत. रडले. मला बरं वाटलं ते रडले म्हणून. आज सकाळी म्हणाले, त्याच्या हातात लाटणं होतं. दुपारी किशोर येऊन गेल्यावर लाटण्याचं दांडकं झालं. संध्याकाळी फोनवर कोणाला तरी सांगत होते, "शस्त्रसदृश वस्तू." एका दिवसात आमच्या स्वयंपाकघरात हत्यारंच हत्यारं झाली.

ग्रुपवर अभिनंदनाचा पूर आहे. फुलं, सिंह, झेंडे.

४ मार्च

चिंधी आली. आत आली नाही. नेहमी मागच्या दाराने येते, आज पुढच्या दारात उभी.

"पोलीस सांगतान, चांग्यावर गुनो लावनार. तोंड कालं केला, रस्ता अडवला, म्हनून." मग म्हणाली, "वैनी, तू व्हतीस ना तिथं. तुजीच साडी. तू खरा सांग, बास. मला दुसरा काय नको."

मी म्हटलं, सांगेन. हात धरून सांगितलं.

हे आतल्या खोलीत होते. बाहेर आले नाहीत.

५ मार्च

अनुपमने दुकान बंद करून समोर बसवलं. कधी नव्हे ते अगदी हळू बोलला.

"आई, ती सवलत सद्हेतू असेल तरच आहे. बाबांना माणूस ओळखू आला होता, असं तू म्हणालीस तर सद्हेतू गेला. मग सरळ खुनाचा प्रयत्न. ह्या वयात तुरुंग. आणि ओळखू आला नव्हता म्हणालीस, तर चांगो संशयित. मधलं काही नाही. मी वकिलाला विचारलंय."

मी विचारलं, "आणि चांगोचं?"

"खर्च आपण करू ना सगळा."

म्हणजे पाय आम्ही घेतला, पैसे आम्ही देऊ, आणि गुन्हा त्याचा. मी हे त्याला तोंडावर म्हटलं. तो म्हणाला, "हो." नजर चुकवली नाही. माझाच मुलगा.

हे पहाटे उठून देवासमोर बसतात आजकाल. समई लावताना वात सापडत नाही, हात चाचपडतो. मी जाऊन लावून देते. इतकी वर्षं मी त्या माणसाची खिल्ली उडवत आले, पण त्याचा हात चाचपडलेला मला बघवत नाही. हे माझं दुखणं आहे. योजना करणाऱ्यांना ते ठाऊक असणार. प्रत्येक बंदूकवाल्याच्या घरात एक अशी बसलेली असते.

उद्या जबाब.

६ मार्च

साहेब सभ्य होते. पाणी दिलं. विचारलं, तुम्हाला किंवा तुमच्या मिस्टरांना त्या इसमाची ओळख पटली होती का?

मी म्हटलं, तोंड काळं होतं. नाही.

साडी ओळखीची वाटली?

हिरव्या साड्या पुष्कळ असतात.

मिस्टरांची नजर?

चष्मा आहे. बाकी उत्तम.

बाहेर बाकावर चिंधी बसली होती. माझ्याकडे बघून उठली, हसली. तिला वाटलं मी सांगून आले.

१० मार्च

चांगोवर गुन्हा दाखल झाला. रविवारी शिळफाट्याला दलातर्फे ह्यांचा सपत्नीक सत्कार आहे. हे आत्ताच विचारून गेले, साडी कुठली नेसणार.